आटपाट नगर ते बोरचिंच बुद्रुक

मराठीतलं सगळ्यात गाजलेलं काल्पनिक गाव कोणतं? आमच्या अकोल्यातल्या जठारपेठेतल्या पोरांना विचारा, एका सुरात उत्तर येईल : थुकरटवाडी! ‘चला हवा येऊ द्या’नं हे गाव घराघरांत नेलं आणि अमरावतीच्या भारत गणेशपुरेंनी तिथं आपली वऱ्हाडी बोली थाटात नांदवली. माझं मत मात्र आटपाट नगराला. श्रावणातल्या कहाण्या सांगणाऱ्या आज्यांनी किती पिढ्या ते वसवलंय! त्याला जिल्हा नाही की पिनकोड नाही, तरी नाव कानावर पडलं की पोरं सरसावून बसतात. नागराज मंजुळे यांनी आपल्या चित्रपटसंस्थेचं नाव ‘आटपाट’ ठेवलं, ते उगीच नाही.

मी मुलांसाठी नाटकं लिहिते. नाटक सुचायला आठवडा पुरतो, पण त्यातल्या माणसांची आणि गावाची नावं सापडायला महिना जातो. त्या शोधात जमलेला हा खाऊ.

लग्नपत्रिकांचा खण

माझ्या कपाटातला एक खण जुन्या लग्नपत्रिकांनी भरलेला आहे. गोष्ट लिहिणाऱ्याला याहून मोठा खजिना नाही. आत्ता हातात आलेली पत्रिका बघा. कोपऱ्याला हळदीचं बोट, वर गणपती, त्याखाली ‘श्री गजानन महाराज प्रसन्न’. आजोबांचं नाव पुंडलिकराव, मागं ‘स्व.’ लावलेलं. वडील गजानन, काका संजय, नवरदेव अक्षय. आणि अगदी तळाशी, ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारे श्लोक आणि आरोही. एका पानावर चार पिढ्या! सत्तरीच्या आजोबांना गोष्टीत ‘अक्षय’ म्हटलं की वाचक तिथंच अडखळतो, ते कशामुळं हे या एका पानावर कळतं. मुलींच्या नावांत तर साल वाचता येतं. कुसुम, विमल आणि सुमन या आज्या, संगीता, सुनीता, वंदना या आया, आणि स्वरा, अन्वी अजून शाळेत.

आणि गजानन? वऱ्हाडातल्या गोष्टीत एक तरी गजानन हवाच. १८७८ साली शेगावात गजानन महाराज प्रकटले, १९१० साली त्यांनी समाधी घेतली, आणि तेव्हापासून इथल्या घराघरांत हे नाव पाळण्यात पडत आलंय. आमच्या चौकात ‘गजूभाऊ!’ म्हणून हाक मारा, निदान तीन माना वळतील.

दगडू, धोंडू, केरू

जुन्या माणसांत ही नावं भेटतात. मूल जगत नसलं की पुढच्या मुलाला मुद्दाम असं नाव द्यायचे; दगडाधोंड्याला, केराला कोण नजर लावणार, म्हणून. म्हणजे गोष्टीत ‘धोंडू’ एवढंच लिहिलं की त्याच्या आधी गेलेली भावंडं न सांगता ओळीत येऊन बसतात. ‘टाइमपास’च्या नायकाला दगडू म्हणणाऱ्यानं प्रेक्षकाला त्याचं घर एका शब्दात दाखवलं.

याच रिवाजाची दुसरी बाजू मन दुखवते. मुलगा हवा असताना झालेल्या मुलीचं नाव ‘नकोशी’. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा शेकडो मुलींना जाहीर कार्यक्रमात नवी नावं देण्यात आली. मुलींनी आपली नावं स्वतः निवडली, प्रमाणपत्रं हातात घेतली. नाव ठेवणं हे काम किती जोखमीचं आहे, हे मला त्या बातमीनं शिकवलं.

नावांची नियमावली, सहाशे वर्षांपूर्वीची

संस्कृत नाटककारांना पात्रांची नावं ठेवण्याचे चक्क नियम होते. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पण’ ग्रंथात ते दिलेत. गणिकेच्या नावाच्या शेवटी दत्ता, सिद्धा किंवा सेना. व्यापाऱ्याच्या नावात बहुधा दत्त. दासदासींची नावं वसंतासारख्या ऋतूंच्या वर्णनात येणाऱ्या गोष्टींवरून. आता ‘मृच्छकटिक’ आठवा : गणिका वसंतसेना, आणि सार्थवाहांच्या घरातला चारुदत्त! प्रेक्षक नाव ऐकूनच पात्राचा धंदा ओळखायचा. आपल्या पत्रिकेचंच काम, फक्त नाट्यगृहात.

मंजुघोषा गेली, यमू आली

मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या नायिका म्हणजे मुक्तामाला आणि मंजुघोषा. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. नावं कशी, शालू नेसून उभी! या नावाच्या बाईला विहिरीवर पाणी भरायला पाठवून बघा, घागर उचलणारच नाही. मग हरिभाऊ आपटे आले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’मध्ये त्यांनी नायिकेला नाव दिलं यमू. शेजारच्या वाड्यातलं, परकराला हात पुसणारं नाव. मराठी कादंबरी खऱ्या घरात शिरली ती या दोन अक्षरांच्या दारातून, असं मला मनापासून वाटतं. हेच हरिभाऊ १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. यमूला जन्म देणारा माणूस आपल्या शहरात येऊन बोलून गेला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पात्र मेलं, नाव उरलं

नाव पुस्तकातून उठून भाषेत जाऊन बसणं, हा लेखकाला मिळणारा सगळ्यात मोठा मान. राम गणेश गडकऱ्यांचं निधन जानेवारी १९१९मध्ये आपल्याच विदर्भात, सावनेरला झालं. त्यानंतर काही आठवड्यांतच ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं. त्यातला तळीराम आज वर्तमानपत्राच्या मथळ्यांत रोज भेटतो. ‘तळीरामांवर कारवाई’ ही बातमी वाचणाऱ्या कितीजणांना ठाऊक असतं की हा माणूस एका नाटकातला आहे?

शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’मधल्या केटला मराठीत आणताना वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी तिला थेट रामायणातल्या राक्षसिणीचं नाव दिलं : त्राटिका. कजाग बाईला त्राटिका म्हणायची सवय त्या नाटकानं पक्की केली. आगरकरांनी हॅम्लेटचा चंद्रसेन केला, देवलांनी ऑथेल्लोचा झुंझारराव. झुंझारराव! नुसत्या नावातच टापांचा आवाज आहे.

देवलांच्याच ‘शारदा’मध्ये पोटची मुलगी पैशांसाठी म्हाताऱ्याला द्यायला निघालेल्या बापाचं नाव कांचनभट, आणि बोहल्यावर चढू पाहणारा म्हातारा भुजंगनाथ. एकाच्या नावात सोनं, दुसऱ्याच्या नावात साप. पुढचं ऐका. हे नाटक १८९९चं, आणि बालविवाहाला आळा घालणारा ‘शारदा कायदा’ १९२९चा. कायद्याला नाव मिळालं ते तो मांडणाऱ्या हरबिलास सारडांच्या आडनावावरून, पण मराठी जिभेनं सारडाचं शारदा केलं आणि नाटकातल्या मुलीला तीस वर्षांनी जणू न्याय मिळाला.

द. मा. मिरासदारांच्या भोकरवाडीतला नाना चेंगट मला फार आवडतो. ‘चेंगट’ हे विशेषणच आडनावासारखं लावलंय, त्यामुळं माणूस तोंड उघडायच्या आधीच कळतो. आणि भोकरवाडी! भोकराचं झाड ज्यानं पाहिलंय, भोकराचं लोणचं ज्यानं चाखलंय, त्याला ती वाडी नकाशावर शोधावी लागत नाही.

वऱ्हाडातलेच लेखक, वऱ्हाडातली नावं

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी अकोला, खामगाव, जळगाव जामोद असा वकिलीचा प्रवास केला आणि त्याच काळात मराठी विनोदाला सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट दिलं. त्यांच्या पुस्तकाची कथाही मजेची. १९१०च्या आवृत्तीत अठरा लेख, म्हणून जोडनाव ‘अठरा धान्यांचे कडबोळे’. पुढं लेख बत्तीस झाले, आणि नाव झालं ‘साहित्यबत्तिशी’. मुख्य नाव ‘सुदाम्याचे पोहे’ मात्र तेच राहिलं. अजूनही त्या नावाला पोह्यांचा वास आहे.

उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ची (१९६०) नायिका कौतिक. आमच्याकडं हे बायकांचं खरंखुरं नाव, ‘कौतुक’ या शब्दातून आलेलं. आणि तिच्या वाट्याला काय येतं? शिवणयंत्र सोडून बसलेला नवरा, पोरांची पोटं, आणि जन्मभराचा राबता. कौतुकाचा एक शब्द मिळत नाही त्या बाईला सगळे दिवसभर ‘कौतिक, कौतिक’ म्हणून हाका मारतात. याहून अचूक नाव मला मराठी कादंबरीत दुसरं सापडलेलं नाही.

खामगावच्या पुरुषोत्तम बोरकरांनी ‘मेड इन इंडिया’च्या नायकाला नाव दिलं पंजाबराव गरसोळीकर पाटील. दूरच्या वाचकाला वाटेल, वऱ्हाडात पंजाब कुठून आला? पण अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला आम्ही लाडानं पीकेव्ही म्हणतो, त्यातला ‘पी’ पंजाबराव देशमुखांचाच. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचा हा सुपुत्र, १८९८चा जन्म, देशाचा कृषिमंत्री झाला. हे नाव घेतलं की इथल्या शेतकऱ्याची मान ताठ होते. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधलं गाव सांजोळ. नावातच दिवस कललाय.

पण सांजोळ हे पुस्तकातलं. गावातला माणूस म्हणेल ‘सांजोय’. वऱ्हाडी जिभेवर ‘ळ’चा ‘य’ होतो. शाळा ती शाया, डोळा तो डोया, जळगाव ते जयगाव. विमल असेल तर इमल आणि विलास असेल तर इलास. म्हणून इथल्या गोष्टीतल्या प्रत्येक नावाला दोन रूपं लागतात, एक पाटीवरचं आणि एक तोंडातलं. नायिकेचं नाव कमळ ठेवाल तर तिची आई दारातून ‘कमय’ म्हणूनच हाक मारेल.

माझं एक गाऱ्हाणं आहे आणि ते स्पष्टच मांडते. वऱ्हाडात घडणाऱ्या कथा-मालिकांत अजूनही सगळी माणसं ‘कर’ लावून येतात, जणू घाट उतरून आत्ताच गाडीतून उतरली. अरे, तायडे कुठं आहेत? वानखडे, गावंडे, इंगळे, वाकोडे, उमाळे, पातखेडे? मुंबईच्या त्या जगप्रसिद्ध क्रिकेट मैदानाचं नावसुद्धा विदर्भातल्याच शेषराव वानखेडेंचं. नावावर आख्खं स्टेडियम उभं राहिलं, मग एका कथेचा नायक उभा राहायला काय हरकत आहे?

गाव कसं वसवावं

गावाचं नाव बनवायची कृती आमच्या नकाशातच छापलेली आहे. एक झाड घ्या : बाभूळ, बोर, हिवर, पळस, चिंच. त्याला शेपूट जोडा : गाव, खेड, खुटा, टाकळी. झालं बाभूळगाव, झालं हिवरखेड. पण या कृतीनं एकाच नावाची पाच-पाच गावं होतात, मग खरी गंमत सुरू होते. अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर. एकात बाजार मोठा, ते चांदूर बाजार. दुसऱ्यातून मुंबई-हावडा गाडी गेली, ते चांदूर रेल्वे. आख्ख्या तालुक्याचं आडनाव ‘रेल्वे’! धामणगावलाही तेच मिळालं. बुलढाण्यात पिंपळगाव किती? राजा, काळे, सराई, देवी. मंगरूळ पीर वेगळं, मंगरूळ दस्तगीर वेगळं. जळगाव जामोदनं तर शेजारच्या गावाचंच बोट धरलंय. अशी शेपटं कुठल्या कादंबरीकाराला घरी बसून सुचली असती?

खुर्द आणि बुद्रुक हे दोघे भाऊ फारसीतून आलेले. खुर्द म्हणजे धाकटं, बुद्रुक म्हणजे ‘बुजुर्ग’, थोरलं. गावाच्या नावात बुजुर्ग बसलेत हे कळल्यापासून मला प्रत्येक बुद्रुकाला नमस्कार करावासा वाटतो.

आणि पूर्वी यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर धावणारी आमची छोटी गाडी? तिला सगळे म्हणायचे शकुंतला. कालिदासाच्या नायिकेचं नाव कोळशाच्या धुरात, कापसाच्या वावरांतून हळूहळू जाणाऱ्या गाडीला शोभून दिसलं. वाट पाहायला लावणारी, म्हणून तिच्यावर जीवही जास्त.

लोकांनी दिलेलं नाव कागदावरच्या नावाला मागं टाकतं, याचा सगळ्यात मोठा दाखलाही अमरावती जिल्ह्यातला. डेबूजी झिंगराजी जानोरकर हे नाव किती जणांना आठवतं? त्यांच्या हातातलं मातीचं गाडगं मात्र सगळ्यांनी पाहिलं, आणि ते गाडगेबाबा झाले. अमरावतीचं विद्यापीठ आज त्या गाडग्याच्या नावानं उभं आहे. यावलीच्या माणिकचं नाव गुरूंनी तुकड्या ठेवलं, आणि देश त्यांना तुकडोजी महाराज म्हणू लागला.

लेखकच पात्र होतो तेव्हा

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या लेखकाची ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि पहिली ठरली. लेखक होते जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज. आपलं अक्षर कुणी ओळखू नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात पाठवलेली! नाव बाजूला ठेवून कथेची परीक्षा व्हावी, ही त्यांची इच्छा मला फार मोठी वाटते.

हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकर खरे चंद्रकांत सखाराम चव्हाण. भालचंद्र नेमाड्यांचं गाव खानदेशातलं सांगवी, आणि ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे म्हणजे फुरसुंगीचा बनेश. ‘फ’ला ‘फ’ लागून नावच सायकलवर बसून पळतं.

जगाच्या पाठीवर

इयान फ्लेमिंगला आपल्या हेराला साधं नाव हवं होतं. हाताशी वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवरचं पुस्तक होतं. त्या पक्षितज्ज्ञाचं नाव त्यानं उचललं : जेम्स बाँड. मार्केझनं आगगाडीच्या खिडकीतून एका केळीच्या मळ्याची पाटी वाचली होती, माकोंदो. ते नाव त्याच्या सगळ्यात मोठ्या कादंबरीचं गाव झालं. थॉमस मोरनं १५१६ साली ‘युटोपिया’ हा शब्द ग्रीकमधून घडवला. अर्थ, कुठंच नसलेली जागा.

कुठंच नसलेली जागा खरी झाली ती अमेरिकेत. न्यूयॉर्क राज्याचा नकाशा करणाऱ्या दोघांनी, आपली नक्कल कुणी केली तर पकडता यावी म्हणून, दोघांच्या आद्याक्षरांची सरमिसळ करून एका रिकाम्या रस्त्यावर ‘अ‍ॅग्लो’ असं गाव लिहून टाकलं. पुढं दुसऱ्या कंपनीच्या नकाशातही अ‍ॅग्लो छापलं गेलं. चोरी पकडली म्हणून पहिले दोघे खूश. पण तोवर तिथं कुणीतरी दुकान टाकलं होतं आणि नकाशात वाचून त्यावर पाटी लावली होती, अ‍ॅग्लो जनरल स्टोअर! दुकान आहे म्हणजे गाव आहेच की.

आणि ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ ही सिनेमाच्या सुरुवातीची पाटी? ती रशियाच्या राजघराण्यातल्या एका राजकन्येमुळं रुजली. १९३२च्या रासपुतिनवरच्या चित्रपटात नाव बदलून आपलीच बदनामी केली, असा दावा इरिना युसुपोव्ह यांनी लंडनच्या कोर्टात लावला आणि जिंकला. त्यानंतर निर्मात्यांनी पाटी लावायचा धडा घेतला.

बोरचिंच

गेल्या उन्हाळ्यात जठारपेठेतल्या आठ-दहा मुलांना घेऊन नाटक बसवलं. गावाचं नाव त्यांनीच ठेवायचं ठरलं. झाडाची कृती सांगितली तर एक जण म्हणाला बोर, दुसरी म्हणाली चिंच, कुणीच मागं हटेना. शेवटी गावाचं नाव झालं बोरचिंच. लगेच दोन गट पडले. अर्ध्यांना बुद्रुकमध्ये राहायचं, अर्ध्यांना खुर्दमध्ये. मला नाटकात भांडण हवंच होतं, ते नावानंच पुरवलं.

तालमीला एका मुलाची आजी रोज पायरीवर बसायची. नाव ऐकून म्हणाली, “गाव ठेवलं, बरं केलं. पन नदी कोन्ती? नदीच नाही त गाव कसं वसलं बाप्पा?” प्रश्न बरोबरच होता. मुलांनी पाच मिनिटांत नदी आणली : चुळबुळी. आजीनं एकदा म्हणून पाहिलं, “चुयबुयी,” आणि मान डोलावली. नाव पास झालं.

प्रयोगाच्या दिवशी पेंटरदादांनी पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘बोरचिंच बु.’ लिहून दिलं. नाटक संपल्यावर एक आजोबा काठी टेकत पाटीजवळ आले, चष्मा पुसून त्यांनी ती दोनदा वाचली.

“हे बोरचिंच अकोटाकडलं का मूर्तिजापूराकडलं?”

बोराचा हट्ट धरणारा मुलगा ताडकन म्हणाला, “दर्यापूर रोडनं जा आजोबा. म्हैसांगच्या पुढं, डाव्या हाताला.”

आजोबांनी थोडा विचार केला. “हां हां,” ते म्हणाले, “आमची एक आत्या देल्ली होती तिकडं.”